पार्बताबाईचा अर्ज दाखल झाला

मित्रांनो, मी एक सागवानी बाक आहे. इतका जुना, की माझ्या चौथ्या पायाच्या जागी आता दोन विटा आहेत. शाळेतल्या बाकाशी माझी गल्लत करू नका. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहान गावाच्या म्युनिसिपल कमिटीत माझे सगळे आयुष्य गेले. गावातले लोक तिला 'कमेटी' म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

माझे लाकूड मेळघाटातले. शालिकराम नावाच्या सुताराने मला घडवले. कमेटीच्या सभासदांसाठी त्याने आधी बारा खुर्च्या केल्या, वेताने विणलेल्या, हात टेकायला दांड्या असलेल्या. उरलेल्या फळ्यांतून मी झालो. मला पाठ नाही, हात नाहीत. "याच्यावर अर्जदार बसतीन," शालिकराम म्हणाला, "अर्जदाराले पाठ कायले पाह्यजे? थो काय टेकून बसाले येऊन राहिला?" मला फार वाईट वाटले. त्या खुर्च्यांचा मला पुढे कित्येक वर्षे हेवा वाटत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूरहून कायदे येत, अमरावतीहून मंजुऱ्या येत, आणि आमच्या कमेटीची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला भरे. कागदावर तीन, सभासद पुरेसे जमेपर्यंत चार वाजत. शिपाई नत्थुजी एखाद्याला कापसाच्या जिनातून बोलावून आणी, एखाद्याला जेवणावरून उठवी. मग सेक्रेटरी वामनराव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचत, अध्यक्ष केशवराव देशमुख "कायम" म्हणत, आणि कामाला सुरुवात होई. कोणत्या कोपऱ्यावर कंदील लावायचा, कोंडवाड्याची भिंत कोणी पाडली, बाजारातला मोकाट वळू कोणी आवरायचा, अशी ती कामे. त्या वळूवर एकदा पाऊण तास चर्चा झाली, आणि तेवढा वेळ तो वळू खिडकीखाली उभा राहून कमेटीची बाग खात होता. मी भिंतीलगत होतो म्हणून मला दिसला. सभासदांची पाठ होती तिकडे.

माझ्यावर पुष्कळ माणसे बसली. कोणी घाम पुसत बसले, कोणी माझ्या कडेने नखे घासली. आठवण मात्र एकीचीच येते, आणि तिच्यासाठीच मी तुम्हांला हे सारे सांगत आहे.

तिचे नाव पार्बताबाई. नदीकाठी तिच्या घरचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार अशी भाजी घेऊन ती बाजारात बसे. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला हेच नाव आहे. भाजीबाजारात वीस-बावीस जणी बसत आणि पाणी मात्र दूर मारुतीच्या देवळापाशी होते. वैशाखात इथले ऊन कसे असते हे तुम्हांला ठाऊकच आहे. पाणी आणायला उठावे तर टोपल्याजवळ कोण बसणार? न उठावे तर अकरा वाजेपर्यंत मेथीचा पाचोळा होई. गावात नळ आले होते, पण ते कापूसबाजारात, कचेरीपुढे, मोठ्या रस्त्यांवर. भाजीबाजारात एक नळ द्यावा, एवढाच पार्बताबाईचा अर्ज होता.

पहिल्या सभेला ती माझ्यावर बसलीच नाही. खाली फरशीवर, माझ्या पायाला टेकून बसली. नत्थुजी म्हणाला, "बाई, बाकावर बसा न." तिने मान हलवली. "नाई भाऊ, थ्यावर मानसं बसतात." मी अगदी लाजलो. विषय क्रमांक अकरा तिचा होता. सभा नवव्यावर संपली आणि उरलेले विषय तहकूब झाले. दुसऱ्या महिन्यातही तसेच. तिसऱ्या महिन्यात तिचे पाय फार दुखत असावेत. तिने इकडेतिकडे पाहिले, पदराने माझी फळी पुसली आणि अगदी कडेला टेकली. तिच्या लुगड्याला ओल्या सांबाराचा वास होता. वार्निशाचा, विड्यांचा, शाईचा असे सगळे वास मला माहीत होते, पण हिरवा वास माझ्यापर्यंत कधी पोचला नव्हता. मी जंगलातून आलेलो आहे, मित्रांनो. मला काय वाटले असेल ते तुम्हीच समजा.

तेव्हापासून मी दुसऱ्या शनिवारची वाट पाहू लागलो.

पाचव्या महिन्यात विषय क्रमांक अकरा एकदाचा निघाला. वामनरावांनी अर्ज वाचला. कोणीतरी म्हणाले, नव्या नळाला अमरावतीची मंजुरी लागते, या वर्षी ती मिळायची नाही. दुसऱ्या कोणी घड्याळाकडे पाहिले. केशवराव म्हणाले, "दफ्तरी दाखल," आणि वामनरावांनी तसे लिहून घेतले. सगळे मिळून एक मिनिट लागले नसेल.

पार्बताबाईला मागून नीट ऐकू आले नव्हते. तिने नत्थुजीला विचारले, "काय झालं, भाऊ?"

"दाखल झाला, बाई, तुमचा अर्ज."

आणि ती हसली! पाच महिन्यांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. "दाखल झाला?" ती म्हणाली. "मारुतीराया पावला रे बापा!" कनवटीच्या पुडीतले फुटाणे काढून तिने नत्थुजीच्या हातावर ठेवले आणि चार फुटाणे माझ्यावर ठेवून गेली, जसे काही मीही त्या सभेत हात वर केला होता.

मित्रांनो, दफ्तरी दाखल म्हणजे काय, हे मला पाठ होते. कपाट उघडायचे, कागद आत ठेवायचा, कपाट लावायचे, आणि त्या कागदाचे नाव पुन्हा काढायचे नाही. नत्थुजीलाही ते माहीत होते. त्याने तोंड उघडले होते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते मिटले. मी तर बोलूच शकत नव्हतो. त्या दिवशी मला पाठ आणि हात नको होते, फक्त तोंड हवे होते.

पुढचे मला नत्थुजीच्या बोलण्यातून कळले. पार्बताबाईने बाजारातल्या सगळ्या बायकांना गोळा केले. बाजार नसलेल्या दिवशी त्यांनी नदीतून काळे दगड आणले, चुना कालवला आणि भाजीबाजाराच्या मधोमध एक ओटा बांधला. पाणी वाहून जायला नाली काढली. ओट्याच्या मध्ये नळाचा पाइप उभा करायला गोल भोक ठेवले. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. नळाचा मात्र पत्ता नव्हता. येणारे-जाणारे हसत. बायका दर बाजारी त्या भोकाकडे पाहत आणि म्हणत, "या मईन्यात येईन."

नळ आला नाही. आली ती नोटीस. पुढच्या सभेच्या यादीवर विषय होता: भाजीबाजारात विनापरवाना बांधलेला ओटा पाडण्याबाबत. आणि माझ्यावर पार्बताबाई बसली होती, या वेळी कडेला न बसता मधोमध, पाठ ताठ करून. तिच्या हाताला चुन्याने भेगा पडल्या होत्या.

केशवरावांनी तिला पुढे बोलावले. "बाई, हा ओटा कोनाच्या हुकमानं बांदला?"

"तुमच्याच, देशमुखसाहेब."

"माह्या?"

"तुमीच त अर्ज दाखल केला न! माही नात जमुना तुमच्याच कमेटीच्या पोरींच्या शाळेत दाखल झाली, त मास्तरीनबाई म्हने, उद्यापासून पाटी घेऊन पाठवा. आमी पाटी घेतली. आता अर्ज दाखल झाला, त आमी ओटा बांदला. नळ तेवढा तुमी आना."

सभेत एकच हशा पिकला. खुर्च्या सुद्धा करकरल्या. वामनराव तेवढे हसले नाहीत. ते पुण्याकडे शिकलेले, शब्दाला शब्द मोजून बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, दाखल म्हणजे तसे नव्हे. अर्ज आम्ही दफ्तरात ठेवला. त्याच्यावर पुढे काही करायचे नाही, असा त्याचा अर्थ."

"ठेवला? कुठी ठेवला?"

वामनरावांनी कपाटाकडे बोट दाखवले. पार्बताबाईने त्या कपाटाकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग माही जमुना बी अशीच कपाटात ठेवली का, साहेब?"

कोणी हसले नाही. ती मागे वळली आणि माझ्यावर येऊन बसली. तिने माझी कड घट्ट धरली होती, ते मला कळत होते, बाकी कोणाला नाही. "मले काहून नाई सांगतलं कोनी?" ती हळूच म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या नत्थुजीने मान खाली घातली. "म्याच सांगाले पाह्यजे होतं, बाई," तो म्हणाला. "तुमचं तोंड पाहून सांगवलं नाई."

केशवराव खाकरले. अर्ज कपाटातून परत काढता येईल का, असे त्यांनी विचारले. वामनराव म्हणाले, नियमाप्रमाणे एकदा दाखल झालेला विषय सहा महिने पुन्हा सभेपुढे घेता येत नाही. मला तो माणूस त्या क्षणी अगदी नकोसा वाटला. पण ते थांबले नव्हते. दौतीत टाक बुडवून, वर न पाहता ते म्हणाले, "तथापि आजचा विषय ओट्याचा आहे. तो पाडावा, असे यादीत आहे. सभेची इच्छा असल्यास तो पाडण्याऐवजी कमिटीच्या मालकीचा म्हणून नोंदवता येईल. नळाचा ओटा, असा. आता कमिटीच्या नळाच्या ओट्यावर नळच नसेल, तर ती नादुरुस्ती झाली. नव्या नळाला अमरावतीची मंजुरी लागते. दुरुस्तीला लागत नाही."

मग केशवराव इतके मोठ्याने हसले, की खिडकीवरचे पारवे उडाले. "वा, वामनराव! लिहा, लिहा." एकेक करून बाराही हात वर गेले. "दुरुस्ती एकमतानं मंजूर," केशवराव म्हणाले.

पार्बताबाई उठून उभी राहिली. "थांबा, साहेब. मंजूर म्हंजे काय, थे आधी नीट सांगा."

"मंजूर म्हंजे पानी, बाई," केशवराव म्हणाले.

आणि खरोखरच पाणी आले. पंधरा दिवसांत त्या गोल भोकातून पाइप वर आला. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन वाजताही मेथी हिरवी होती, असे नत्थुजी सांगत होता. मला केवढा आनंद झाला! माझ्यावर बसून मागितलेली एक गोष्ट मिळाली होती. मी स्वतःशी ठरवून टाकले, की आता येत्या शनिवारी पार्बताबाई आली, की तिच्या तोंडून सगळे ऐकायचे.

शनिवार आला. सभा भरली, संपली. ती आली नाही. तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात प्रकाश पडला. तिचे काम झाले होते. काम झालेले माणूस कमेटीत कशाला येईल? पाणी यावे म्हणून तिच्याइतकाच मीही जीव टाकत होतो, आणि पाण्याबरोबर ती जाणार, हे मला सुचलेच नव्हते.

पुढच्याच मंगळवारी, सभा नसताना, दार लोटून ती आत आली. हातात कागद नव्हता. दालन रिकामे होते. नत्थुजी चकित झाला. "आज काय अर्ज हाय, बाई?"

"काई नाई, भाऊ. असीच आली. बसतो घडीभर."

बारा खुर्च्या मोकळ्या होत्या. ती माझ्यावर बसली. लुगड्याचा काठ ओला होता, आणि तोच हिरवा वास. तिने फळीवरून एकदा हात फिरवला. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि दाराशी वळून म्हणाली, "येतो मंग." आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. ती नत्थुजीला म्हणाली की मला, ते मी कधी ठरवू शकलो नाही. मी ते मला म्हटले असेच धरले.

त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

किती सभा झाल्या! इतिवृत्ते कायम झाली, विषय तहकूब झाले. केशवराव गेले, वामनराव पेन्शनीत गेले, प्रांत बदलले, नवे दालन झाले आणि मला मागच्या पडवीत मोडक्या कंदिलांजवळ आणून ठेवले. आता माझ्यावर कोणी बसत नाही. त्याचे दुःख मोठे नाही. पण दाराची कडी वाजली, की अजून माझ्या फळ्यांत काहीतरी हलते. 'दाखल' या शब्दाचा अर्थ कळला नाही, म्हणून सगळी सभा पार्बताबाईला हसली होती. मला 'येतो' या शब्दाचा अर्थ कळला नाही. निघताना तसे म्हणायचे असते, एवढेच, हे मला कोणी सांगितले नाही. आणि आज कोणी सांगितले, तरी मी ते मानणार नाही.

म्हणून, मित्रांनो, मला रंग द्या किंवा आत नेऊन ठेवा, असे माझे मागणे नाही. तुम्ही रोज कुठून ना कुठून निघता. शाळेतून, आजोळातून, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या घरातून. निघताना सवयीने 'येतो' म्हणता आणि विसरून जाता. मागे राहिलेला मात्र ते खरे धरून बसतो. त्याच्याकडे एकदा परत जा. काम नसले, तरी जा.