पट्टी राखाडी, गाल गुलाबी

निळा, लाल, पिवळा. तिघांतला कुणीच दुसऱ्याला पुरून उरला नाही, की कागदावर राखाडी उमटतो. निळ्याला तेवढं जरा झुकतं माप द्यायचं. दादाला हे आईने शिकवलं; छापखाना तिचाच होता. चेहऱ्याकडे बघू नकोस, कागदाच्या कडेला छापलेल्या राखाडी पट्टीकडे बघ, म्हणायची. चेहरे लबाड असतात.

आज मशीनवर तिचाच चेहरा होता. ती गेल्यावर काढलेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. जुना कृष्णधवल फोटो, याच तीन शायांच्या राखाडीत छापायचा. धाकट्या छकुलीने काढलेलं प्रूफ, नमुन्याचं पान, बाबांनी पसंत केलं होतं. शांत, राखाडी. हुबेहूब तसंच छापा, एवढंच त्यांचं मागणं.

पहिल्याच शीटवर आईचे गाल गुलाबी आले.

छकुली हसली. लाल शाईवर तुझा हात सैल सुटलाय, म्हणाली. दादाने लाल उतरवला. पट्टी राखाडी झाली, प्रूफच्या पट्टीशेजारी धरली तर सांधा दिसेना. गाल मात्र आणखी रसरसले. त्याने रोलर धुतले, पुन्हा छापलं. आता ओठांवरही रंग चढला, जिना चढून आल्यावर चढायचा तसा. शेवटी त्याने लाल बंदच केला. पट्टी हिरवट पडली, आणि आई अधिकच टवटवीत.

छकुलीचं हसू मावळलं. बाबा आता कुठे दोन घास खायला लागले होते. ही अशी आई दिसली, तर पुन्हा दाराकडे डोळे लावून बसतील.

दादाचं बोट शीटवरच्या गालावर होतं. उचलवेना.

"ऊब आहे गं," तो पुटपुटला.

"दादा, शेवटच्या घडीला तू तिच्या कानात काय म्हणालास?"

"निघणाऱ्याला म्हणतो तेच. ये हं, म्हटलं."

घरातून निघालेल्याला 'जा' म्हणायची जिभेला सवयच नव्हती. आई तर आयुष्यभर शब्दाची पक्की.

दादाने लाल शाई पुन्हा सुरू केली, पट्टी जुळवली. मग शीटवर वाकला.

"बाबांचं आम्ही बघू," तो म्हणाला. "आई, तू जा."

पुढची शीट आली. पट्टी राखाडी, गाल राखाडी. छकुलीने प्रूफ शेजारी ठेवलं. कुठलं कोणतं, कळेना. दादाने शीटवर मंजुरीची सही केली आणि मशीनचा वेग वाढवला. एकामागून एक आई येत राहिली, आणि हाताला नुसता कागद लागत राहिला.