घरापुरतं मांजर

छापखाना बंद पडला तेव्हा ताई पन्नाशीला टेकली होती. वर्तमानपत्राची पानं लावण्यात तिची अर्धी हयात गेली होती. कुठली जाहिरात कुठल्या कोपऱ्यात जाईल, अक्षर किती जाड हवं, दोन ओळींत हवा किती सोडायची, हे तिच्या बोटांना आपसूक कळायचं. आता त्या बोटांना काही कामच उरलं नाही. ती कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची, आणि नवऱ्याचा चहा संपायच्या आत त्याच्या हातातला कप धुवायला न्यायची.

तिच्या धाकट्या भावाची जाहिरात कंपनी होती. कंपनी म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, काचेचं दार आणि चार टेबलं. वेबसाइटवर बातमीच्या शेजारी ज्या हलत्या जाहिराती दिसतात, त्या, म्हणजे बॅनर, तिथं बनायच्या. ऑफिसात त्याला सगळे सर म्हणत. ताई त्याला बारक्या म्हणे. जन्मला तेव्हा तो मूठभर होता, आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ताईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. अक्षरं गिरवायलाही तिनंच शिकवलं. आता बारक्याचं पोट शर्टाच्या बटणांचं ऐकत नव्हतं, तरी नाव तेच राहिलं.

एकदा तो येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, माझ्याकडे काम कर. पानावर जाहिरात लावायचीस, तशीच इथं लावायची. फरक इतकाच की ही जागच्या जागी हलते."

"या वयात शिकू?"

"कॉम्प्युटर वय विचारत नाही."

ताईला शिकवायचं काम त्यानं ऑफिसातल्या एका मुलीकडे दिलं. केसांमुळे तिला सगळे कुरळी म्हणत. मुलगी शिकवायला चांगली होती. "ताई, बॅनर बघायला कुणी येत नाही," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "माणूस बातमी वाचायला आलेला असतो. आपण त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात उभे. म्हणून पहिल्याच चित्रात निम्मं सांगून टाकायचं. दोन-तीन चित्रं, मोजके शब्द, आणि शेवटी सगळं थांबलं पाहिजे. बटण दाबलं की काय होणार ते त्याला स्पष्ट कळलं पाहिजे."

"थांबायचं का? हलतं म्हणून तर बघतात ना?"

"हलणाऱ्याकडे डोळा जातो, ताई. हात जातो तो थांबलेल्याकडे."

ताईला हे पटलं. छापखान्यातही कोरी जागा सोडायला धीर लागायचा.

बारक्यानं तिला घरी कॉम्प्युटर बसवून दिला, स्वतः येऊन सगळं जोडून दिलं, आणि पहिलं काम दिलं ते एका गादीच्या दुकानाचं. ताईनं मांजर काढलं. मांजर गादीवर येतं, स्वतःभोवती गिरकी घेतं, लांबलचक आळस देतं, अंगाचं मुटकुळं करून झोपतं, मग अक्षरं एकेक करून उतरतात: पाठ टेका. शेपटीवर तिनं जीव ओतला. शेपटीचं टोक झोपेतही जरासं हलायचं.

काही दिवसांनी सकाळी नवरा कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होता. त्यानं स्वयंपाकघराकडे हाक दिली. "अगं ये, तुझं मांजर आलं."

ओले हात तसेच घेऊन ती धावली. बातमीच्या उजव्या अंगाला तिचं मांजर आळस देत होतं. संध्याकाळी बारक्याचा फोन आला. "लोक दाबतायत, ताई. गादीवाला खूश आहे."

त्यानंतर चष्म्याचं दुकान आलं, रंगाचं आलं, सायकलींचं आलं. ताई बॅनर करायची, बारक्या घेऊन जायचा आणि आठवड्याभरात ते पडद्यावर दिसायचं. ती जिन्यात भेटणाऱ्या बायकांना सांगू लागली, केस नीट बांधू लागली, जेवताना बोलू लागली. नवऱ्याची सकाळची हाक तर ठरूनच गेली. "ये, आलं बघ."

मग नवऱ्याची पाठ धरली. गादी बदलायला हवी होती, आणि दुकान कुठलं याचा विचारच करायचा नव्हता. ताईनं ठेवणीतले कपडे घातले आणि एकटीच गेली. गादीवाला उंच, बोलका माणूस होता. एकेक गादी हातानं दाबून दाखवत होता. ताईनं जरा वेळ जाऊ दिला आणि मग सहज सांगावं तसं म्हणाली, "तुमची जाहिरात बघते मी रोज."

"पांघरुणाची ना? सगळे तेच सांगतात."

"नाही, मांजराची."

"मांजराची?" तो हसला. "मांजराला मी दुकानाच्या पायरीवरही चढू देत नाही हो. एक नख लागलं की गादी भंगारात. आणि नव्या गादीवर केस बघायला कुणाला आवडतं? दुसऱ्या कुणाची बघितली असेल तुम्ही."

गल्ल्याशेजारी त्याचा टॅब होता. त्यावर त्यानं बातम्यांची तीच साइट उघडली आणि तिच्यापुढे धरली. गादीवर एक निळं पांघरूण होतं. आत कुणीतरी झोपलेलं, दिसत मात्र नव्हतं. पांघरूण श्वासासारखं वर व्हायचं, खाली यायचं. मग तेही थांबलं. आज लवकर झोपा. खाली बटण: गादी बघा.

"सुरुवातीपासून हीच आहे," गादीवाला म्हणाला.

पांघरुणाची दुमड बघताच ताईला हात ओळखू आला. कुरळीचं काम होतं. आणि काम उत्तम होतं, हे कळायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली, आणि गादी न घेताच बाहेर पडली.

घरी येऊन तिनं कॉम्प्युटर लावला. मांजर होतं. मग तिनं पर्समधून फोन काढला. फोनवर ती कधी बातम्या वाचत नसे, बारीक अक्षरांनी डोळे दुखायचे. तीच साइट, तीच बातमी उघडली. फोनवर पांघरूण हललं. फोन तिनं पडद्याला टेकवून उभा केला आणि समोर बसून राहिली. इकडे मांजर आळस देत होतं, तिकडे पांघरूण श्वास घेत होतं. तिनं चष्म्याचं बघितलं, रंगाचं बघितलं, सायकलींचं बघितलं. फोनवर तिचं एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कुरळीला ऑफिसखालच्या चहाच्या दुकानात गाठलं.

"मला रागवायचं नाहीये," ताई म्हणाली. "फक्त कसं केलं ते सांग."

कुरळीनं पेला दोन्ही हातांत धरला. "ग्राहकाला नमुना दाखवायचा एक प्रोग्राम असतो, ताई. कुठलीही साइट उघडली की तिथल्या जाहिरातीच्या जागी आपलं बॅनर बसवून दाखवतो. फक्त त्या एका कॉम्प्युटरवर. सरांनी तो तुमच्या घरी टाकला."

"म्हणजे माझं एकही बॅनर बाहेर गेलं नाही."

"नाही."

"आणि कुणाकुणाला माहीत होतं?"

कुरळी टेबलाकडे बघू लागली. "ऑफिसात सगळ्यांना. आणि घरी काकांना."

ताईनं चहा तसाच ठेवला.

घरी नवरा कांदा चिरत होता. ती दारातच उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. सुरी खाली ठेवली. "तू हसायला लागली होतीस," तो म्हणाला. "किती दिवसांनी."

"आणि तुम्ही मला बघत होतात."

"तसं नाही गं. सांगणारच होतो."

"कधी?"

त्यानं चिरलेला कांदा बाजूला सारला. ताई म्हणाली, "बारक्याचं एक वेळ समजू शकते. तो तिकडे असतो. तुम्ही रोज सकाळी हाक मारायचात. ये, तुझं मांजर आलं. ती हाक मारवायची कशी तुम्हाला?"

त्यानं हात पुसले. मग खरं तेच बोलला. "पहिल्यांदा जड गेलं. मग सवय झाली."

ताईला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. जिन्यात भेटणाऱ्या बायका आठवल्या आणि कानशिलं तापली.

बारक्याच्या ऑफिसात ती सगळे हजर असताना गेली. ती आत आली तशी चारही टेबलं शांत झाली. बारक्यानं केबिनचं दार लावून घेतलं. कुरळीनं त्याला सांगितलेलं असावं, कारण तो आधीच बोलू लागला. "ताई, ऐक. मांजर गादीवाल्याला दाखवण्याजोगं नव्हतं. तुला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, हे एक तिला घरच्या पडद्यावर दाखवू, पुढचं जमेल. मग पुढचंही जमलं नाही. आणि तू इतकी खुशीत होतीस, की..."

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते," ताई म्हणाली. "मी पाटी पुसायची. तू भोकाड पसरायचास. तरी पुसायची."

"तेव्हा मी लहान होतो."

"आणि आता मी लहान झाले का?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला. "तुझ्यासाठीच केलं गं."

"नाही. मला नाही म्हणायचा त्रास तुला नको होता. तो वाचवलास, आणि नाव माझं लावलंस."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि लगेच बंद झाला. ताईनं खुर्ची ओढून घेतली. "मांजराचं काय चुकलं ते सांग. आत्ता."

बारक्या आधी चाचरला, मग सांगू लागला. मांजर इतकं हलतं की डोळा त्याच्यामागेच फिरतो, अक्षरं कुणी वाचत नाही. अक्षरं येईपर्यंत माणूस खाली सरकलेला असतो. फाइल इतकी जड की उघडायच्या आत पान बदलतं. बटण आहे, पण शेपटीखाली. एकदा सुरुवात झाल्यावर तो सराईतपणे बोलत गेला. ताई प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होती, कारण प्रत्येक मुद्दा बरोबर होता.

"एवढंच तेव्हा सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर त्याच रात्री मी शेपटी छाटून टाकली असती."

जायच्या आधी तिनं एक मागणं केलं. चष्मेवाल्याचं बॅनर ती नव्यानं करणार, आणि ते खरोखर लावायचं, सगळ्यांना दिसेल असं. बारक्या म्हणाला, "कशाला ताई, पुन्हा मनाला लागेल." तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं होकार दिला.

या वेळी तिनं काहीच सजवलं नाही. अक्षरांची एक धूसर ओळ. मग तीच ओळ, स्पष्ट. तिथंच थांबायचं. खाली बटण: डोळे तपासून घ्या. कुरळीनं एक शब्द काढायला लावला, ताईनं काढला. बॅनर लागलं. नंतर कुरळीनं तिला शेजारी बसवून किती जणांनी दाबलं त्याचा हिशेब उघडून दाखवला. फार चाललं नव्हतं आणि पडलंही नव्हतं. कुरळीच्या जुन्या बॅनरपेक्षा मागेच होतं. पण ज्या थोड्यांनी दाबलं होतं, त्यांतलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं, तिची कीव करणारं नव्हतं. ताईनं तो पडदा बराच वेळ बंद करू दिला नाही.

ते एक काम घेऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कंपनीत गेली. तिथल्या बाईनं बॅनर बघून "अक्षरं बरी जमतात, रंग नाही," असं तोंडावर सांगितलं आणि महिनाभर ठेवून बघते म्हणाली. पहिली तीन कामं परत आली. चौथं लागलं. ताई तिथं टिकली.

बारक्या अजून रविवारी जेवायला येतो. बोलणं बंद झालं नाही, आईविना वाढवलेल्या भावाशी ते बंद होत नाही. पण तो काही चांगलं बोलला, भाजी मस्त झालीय म्हणाला, तब्येत सुधारलीय म्हणाला, की ताई क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघते, आणि तो नजर ताटात घालतो. नवराही जपून बोलतो. घरात आता कुणी कुणाचं उगाच कौतुक करत नाही.

मागच्या रविवारी बारक्यानं हात धुताना विचारलं, "सध्या काय करतेयस? दाखव की."

"चाललंय," ताई म्हणाली, आणि त्याला टॉवेल दिला.