सहा बटणांचा ड्रेस

मी लावलेली चेन तुटत नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल दुसरीकडं कपडे टाकावेत. म्हणून परवा दुपारी मशीनला तेल देत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला नि पलीकडून कुणी चेनचं नाव काढलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मावशी, माझ्या नव्या ड्रेसची चेन तुटलीय ना, तो दुरुस्तीला टाकलाय, तो न्यायला मी आज येत नाही. तुम्ही घरी आणून देऊ नका."

आवाज भिंगरीचा. शेजारच्या इस्त्रीवालीची थोरली, सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. पोरगी एका जागी म्हणून बसत नाही, त्यामुळं सगळी गल्ली तिला भिंगरीच म्हणते.

"चेन तुटली?" मी कडाडले. "अगं, पाच वर्षांत माझ्या दुकानात एक चेन परत आली नाही, नि तू कोण लागून गेलीस? दुरुस्तीला टाकला म्हणे! कधी टाकलास?"

"सॉरी मावशी. मीच ओढली जोरात."

सॉरी? ही पोरगी आईचा पाय तुडवला तरी सॉरी म्हणत नाही. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तो ड्रेस आला. निळा, समोरून सहा पांढरी बटणं. तिनंच हट्ट करून लावून घेतलेली. त्या ड्रेसला चेन नव्हतीच! आणि तो माझ्याकडं नव्हता, गेल्याच आठवड्यात ती घेऊन गेली होती.

म्हणजे पोरीच्या शेजारी कुणीतरी ऐकत होतं. पण आवाज मी तसाच चढा ठेवला. "मग नेणार कधी, बाईसाहेब? माझं दुकान काय गोदाम आहे?"

"माहीत नाही मावशी. तीनची बस आहे." मागं भोंग्यावर कुणीतरी फलाट पाच, फलाट पाच ओरडत होतं. एवढ्यात फोन कट झाला.

घड्याळात अडीच वाजले होते.

मी सोळाची होते तेव्हा मलाही एकानं असंच बसमध्ये बसवलं होतं. चांगलं काम, राहणं-खाणं फुकट, घरी सांगू नकोस, पहिल्या पगाराला सगळ्यांना चकित कर. पुढची पाच वर्षं मी सांगत नाही. एका संस्थेनं बाहेर काढलं, शिवण शिकवलं, अनुदान दिलं, त्यातून हे दुकान नि दोन मशिनी आल्या. त्या पाच वर्षांत एकदाच कुणाचा तरी फोन माझ्या हाती लागला होता. पण एकही नंबर पाठ नव्हता. म्हणून मी प्रत्येक कपड्याच्या कडेच्या शिवणीत, आतल्या बाजूनं, दुकानाच्या नंबराची पट्टी शिवते. लोकांना वाटतं जाहिरात. वाटू दे.

भिंतीवर एका हवालदारबाईंचा नंबर चिकटवलेला आहे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघी मिळून भिंगरीच्या शाळेत पोरींना अशा माणसांपासून सावध करायला गेलो होतो. त्यांना लावला. बस स्टँड, फलाट पाच, तीनची बस, निळा ड्रेस, सहा पांढरी बटणं, आणि ज्यावरून फोन आला तो नंबर. त्यांनी एकही फाटा फोडला नाही. "निघालेच," म्हणाल्या.

मग इस्त्रीवालीला ओढतच रिक्षात घातलं. गिऱ्हाइकाच्या शर्टावर तिची इस्त्री तशीच राहिली, शर्ट जळाला. रिक्षात ती एकच वाक्य घोकत होती, "मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते म्हणाली हो."

आम्ही पोचलो तेव्हा फलाट पाचवर बस उभी होती. मी एकेक खिडकी धुंडाळली. आणि मग बाकावर निळा ड्रेस दिसला. शेजारी हवालदारबाई. पलीकडं दोन पोलीस एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला जीपकडं नेत होते.

आईनं आधी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला मिठी मारून जी रडली, ती काही केल्या थांबेना. मीही रडले. गळ्यातल्या टेपनंच डोळे पुसले. हुश्श, पोरगी हाताला लागली होती!

"मावशी, काय ओरडलात हो!" भिंगरी हुंदके देत हसायला लागली. "फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, केवढी तोंडाळ बाई आहे. म्हणून तर त्याला खरं वाटलं."

"पण त्यानं फोन लावू कसा दिला?"

"मी म्हटलं, नाही सांगितलं तर मावशी ड्रेस घेऊन घरी जाईल नि आईला कळेल. नंबर आधीच गुपचूप ह्या ड्रेसच्या पट्टीवर वाचून ठेवला होता." मग ती खाली बघायला लागली. "सिमकार्ड बदलतो म्हणून त्यानं माझा मोबाइल घेतला, ओळखपत्रही घेतलं. तुम्ही शाळेत सांगितलं होतं, मोबाइल नि कागद काढून घेतले की समजायचं."

"तू? तू तर शेवटच्या बाकावर मान खाली घालून मोबाइल चाळत होतीस!"

"त्याचेच मेसेज येत होते, मावशी. तेव्हाच."

त्या दिवशी पोरी फिदीफिदी हसल्या होत्या, घरी येऊन मी दोन दिवस जेवले नव्हते. मुख्याध्यापिका बाईंना मी तोंडावर सांगून टाकलं होतं, पुन्हा मला बोलवू नका, माझ्याच्यानं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांना फोन लावला.

"बाई, मी शिंपीण बोलतेय," मी म्हटलं. "अजून कितवीचे वर्ग राहिलेत?"