चालू भिशी

वजा लाल दिसतं. शून्य हिरवं दिसतं, का कोण जाणे.

शांताबाई दुसऱ्या मजल्यावर पोचल्या की कठड्याला हात लावून उभ्या राहतात, आणि खाली कोण आलं ते बघतो आहोत असं दाखवतात.

समता कॉलनीत विमला दीदींकडे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वीस बायका जमतात. पोहे नेहमी आधी संपतात, हिशेब मागाहून.

घरात पनीर बंद करा, असं कुणाला सांगावं लागत नाही. ते आपोआप बंद होतं.

शेअरचा भाव रोज थोडा थोडा पडत असला तर माणूसही रोज थोडा थोडाच थांबतो.

"बाजार जरा खाली हाये, बाबा. थोडं थांबा."

हे शेवटचं वाक्य राकेशचं. तो ते बापाला दोन वर्षं ऐकवत होता, आणि त्यातला बाजार खाली असल्याचा भाग तर बऱ्याचदा खोटाच होता. बाजार वर गेला होता. खाली गेला होता तो राकेश.

धर्मपाल वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा आलेल्या पैशांतले सहा लाख त्यांनी पोराच्या हवाली केले. बँकेत ठेवले असते तर ठेवलेच असते म्हणा, पण पोरगा तेलीबांध्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, मोबाईलवर आलेख बघतो, त्याला कळतं, अशी त्यांची समजूत. राकेशने आधी शहाण्यासारखे चार लाख म्युच्युअल फंडात टाकले. उरलेले दोन ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या सट्ट्यात, घातले, एका ग्रुपवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून. पहिल्या आठवड्यात सात हजार सुटले. त्या सात हजारांनीच त्याचा घात केला. दोन लाख बुडाले, ते काढायला त्याने तीन लाखांचं पर्सनल लोन उचललं, आणि तेही पाण्यात गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. राकेशने भांडंच विकून टाकलं होतं.

मग त्याने शीट बनवली.

काय आहे

फंड. भिशी.

सोन्याची ओळ होती, ती मागच्या वर्षी निघाली.

काय द्यायचं आहे

लोन. बाबांचे सहा लाख.

फरक

या शेवटच्या चौकटीला त्याने नेट वर्थ असं नाव दिलं होतं. माणसाची किंमत म्हणजे त्याच्याकडचं सगळं वजा त्याच्यावरचं सगळं, असं त्याने एका व्हिडिओत ऐकलं होतं आणि ते त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. दर महिन्याला पगार झाला की तो ती चौकट उघडायचा. लाल. पुढच्या महिन्यात जरा कमी लाल. दात दुखत असला की जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते, तसं त्याचं झालं होतं. भावना, त्याची नऊ वर्षांची पोरगी, काही दाखवायला आली की तो हव, हव म्हणायचा आणि बोटाने पडदा सरकवत राहायचा. ती मराठीत सांगायला सुरुवात करायची आणि वैतागून हिंदीत संपवायची, "पापा, आप सुन ही नहीं रहे."

त्याचं गणित साधं होतं. पगारातले सतरा हजार लोनला. दहा हजार नीलिमाच्या भिशीला. चौदा हजार घराला, म्हणजे नीलिमाच्या हातात. उरेल ते पेट्रोलला. घरखर्च चौदा हजारांवर बांधला याचा त्याला मोठा अभिमान होता. पहिल्या दोन महिन्यांत नीलिमा म्हणाली होती की भाडं देऊनच निम्मे संपतात, भागत नाही. त्याने तिला शीट दाखवली. हे लाल हाये, पाह्य, म्हणाला, थोडं चालव ना. त्यानंतर ती बोलली नाही. चालवायला लागली. राकेशने ऑफिसातल्या नत्थू भैयाला हे सांगितलं तेव्हा नत्थू चहाच्या टपरीवर हसला होता. "तुम्हारा तो नेट वर्थ है यार. मेरा नेट भी गया, वर्थ भी गया."

भिशीबद्दल तो महिन्यातून एकदाच विचारायचा, आकडा भरायच्या आधी.

"भिशी चालू हाये ना?"

"हव, चालू हाये," नीलिमा सांगायची. आणि तो भिशीच्या ओळीत दहा हजार वाढवायचा.

दहा. वीस. तीस. नव्वद. एक लाख चाळीस.

एका शनिवारी दुपारी लोनचा शेवटचा हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला. राकेश तेव्हा तलावाच्या बाजूला स्कूटर लावून डबा खात होता. त्याने डबा सीटवर ठेवला आणि शीट उघडली. लोनच्या ओळीत शून्य टाकलं. फंड त्याने आठवड्याआधीच विकायला टाकले होते, चार लाख वीस हजार खात्यात आले होते. भिशी अठरा महिन्यांची, एक लाख ऐंशी. बेरीज सहा लाख. बाबांचे सहा लाख.

फरकाच्या चौकटीत शून्य आलं आणि रंग बदलला.

लोकांना लाख मिळाल्यावर जे होत असेल ते त्याला काहीच नसण्यावर होत होतं. कुणाचं काही देणं नाही, आपलं काही नाही, आणि तरी मोकळं. त्याने तिथूनच बापाला फोन लावला आणि सांगितलं की सहाच्या सहा तयार आहेत.

फोनवर धर्मपाल एवढंच म्हणाले की मग बुधवारची रजिस्ट्री पक्की समजतो.

ही रजिस्ट्री खमतराईतल्या दोन खोल्यांच्या घराची. तळमजला. दारासमोर एकही पायरी नाही, यासाठीच धर्मपालनी ते घर धरलं होतं. कारखान्याचं क्वार्टर सुटल्यापासून आईबाप दोघं भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि राकेशची आई शांताबाई गुडघ्यांमुळे आठवड्यातून एकदा, बुद्धविहारात जायला, खाली उतरायच्या. तीन आठवड्यांपूर्वी बापाने विचारलं होतं, पैसे मोकळे होतील ना? राकेशने शीट बघितली, लोन संपत आलंय, भिशी भरत आलीय, आणि हो म्हटलं. त्याच्या त्या होकारावर धर्मपालनी घर विकणाऱ्याला एक लाख बयाणा, म्हणजे विसार, दिला. बाकीची सगळी पुंजीही त्यांनी त्याच घरासाठी बाजूला काढली होती. बुधवार चुकला तर बयाणा बुडणार, असं कागदावर होतं.

संध्याकाळी नीलिमा शेंगा सोलत होती. राकेश तिच्यासमोर खाली बसला. कितीतरी दिवसांनी तो तिच्यासमोर असा बसला होता. उद्या विमला दीदींकडे भिशी आहे ना, त्याने विचारलं. मग या वेळची तू उचल. दोनच नंबर उरलेत, कुणी फार बोली लावणार नाही, पैसे जवळपास पूर्ण हातात येतील. बुधवारी बाबांना द्यायचेत.

नीलिमाने हातातली शेंग ताटात टाकली.

"उचलली ना ते."

"कवा?"

"तिसऱ्याच महिन्यात."

इथे भिशीची रीत सांगायला हवी, कारण राकेशला ती माहीत होती आणि तरीही नव्हती. वीस बायका दर महिन्याला दहा-दहा हजार घालतात. जमलेले दोन लाख त्या महिन्यात एकीला मिळतात. जिला घाई आहे ती कमी पैशावर तयार होते आणि आधी उचलते. जिला घाई नाही ती शेवटपर्यंत थांबते आणि पुरते घेते. पण आधी उचललेली असो की नसो, हप्ता दोघींनाही वीसही महिने भरावा लागतो. तोच दहा हजारांचा हप्ता, त्याच रविवारी, त्याच विमला दीदींच्या हातात. उचलायच्या आधी तो बचत असतो. उचलल्यावर ते कर्ज असतं. बाहेरून दोन्ही एकसारखं दिसतं, आणि दोन्हीला चालू भिशीच म्हणतात.

राकेशने अठरा महिने चालू आहे का एवढंच विचारलं होतं. उचलली का, हे एकदाही नाही.

नीलिमाने सांगितलं ते थोडक्यात. दोन लाखांची भिशी एक लाख छप्पन हजारांवर घेतली. त्यातून महिन्याला दहाएक हजार काढत गेली. भाडं, गॅस, भावनाची फी, मधे तिला टायफॉइड झाला होता तेव्हाचं. आता डब्यात काही नाही, आणि दोन हप्ते अजून भरायचेच आहेत.

राकेश आवाज न चढवता म्हणाला, "मले सांगितलं काहून नाई?"

"कवा सांगू? तुमी लाल दाखवत होते न." तिने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "तुमाले काय वाटलं, चौदा हजारात घर चालून राहिलं होतं?"

त्याला तसंच वाटलं होतं. तो ते लोकांना सांगतही होता.

भावनाने आतून विचारलं की खाना कब बनेगा.

दुरुस्ती

भिशीची ओळ वरून काढली. खाली टाकली. एक लाख ऐंशी हजार अधिक होते ते गेले, वीस हजार वजा आले.

फरक: वजा दोन लाख. म्हणजे बरोबर एक भिशी.

रविवारी त्याने हात पसरून पाहिले. दोन ॲपनी मिनिटाच्या आत नकार दिला. लोनचा हप्ता मधे दोनदा परत गेला होता, तो कुठेतरी नोंदला गेला होता आणि आता त्याचं तोंड पाहत होता. नत्थू भैयाने दहा हजार देऊ केले, तेही अशा संकोचाने की ते घेताना राकेशलाच त्याची समजूत काढावी लागली. सोमवारी तो बापाकडे गेला. जिन्यात मधेच थांबला. थांबायला कारण नव्हतं, त्याचे गुडघे चांगले होते.

त्याने सगळं सांगितलं. ऑप्शन, लोन, भिशी. बाजार खाली असल्याचंही, की तो नव्हता. धर्मपाल खुर्चीत बसून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी फक्त विचारलं, "मंग किती हाये?"

"चार वीस. आणि हे दहा."

धर्मपालनी मान हलवली, एखाद्या वॅगनचं चाक बाद ठरवताना हलवत असतील तशी. रागावले असते तर राकेशला पाय धरता आले असते. त्यांनी चष्मा लावला, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांचे नंबर शोधायला घेतले. दोन दिवसांत एकाने चाळीस हजार दिले. बाकीच्यांच्या घरी लग्नं होती, आजारपणं होती, किंवा त्यांची पोरंही मोबाईलवर आलेख बघत होती. मग त्यांनी घर विकणाऱ्याला फोन केला आणि बोलताना ते उभे राहिले. भैया, पंद्रह दिन दे दो. भैया, दस. पलीकडचा माणूस वाईट नव्हता, पण त्याला दुसरं गिऱ्हाईक जास्त देत होतं.

बुधवार कोरडाच गेला.

गुरुवारी संध्याकाळी राकेश पुन्हा तिथे गेला, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. धर्मपाल भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. बयाणा गेला, असं तिने सांगितलं नाही. गेला ते त्याला चहा ठेवण्याच्या रीतीवरून समजलं. पाहुण्यासारखा, बशीत बिस्किटं घालून.

"तसं बरंच झालं," ती म्हणाली. "वरती हवा येते."

राकेशने चहा घेतला. खाली उतरून स्कूटरवर बसला आणि सवयीने फोन काढला. बयाण्याचा एक लाख त्याच्यामुळे गेला, म्हणजे बाबांचं देणं आता सात लाख. त्याने सहाच्या जागी सात टाकलं. फरक वजा तीन लाख झाला. तो आकडा लाल होता आणि त्याने त्याकडे पाहिलं, आणि त्याला पहिल्यांदाच काही वाटलं नाही, मोकळंही नाही, जडही नाही. नुसता आकडा. खर्चाच्या ओळीवर चौदा हजार तसेच होते. ते बदलायला हवेत हे त्याला कळत होतं. तिथे काय लिहायचं हे विचारायला घरी जावं लागणार होतं.

लग्न झालं त्या वर्षी नीलिमाही नोकरी करत होती, आणि तिचा पगार राकेशपेक्षा जास्त होता.