कोरडं भांडं

अठ्ठावन्न उलटली तरी गॅरेजमध्ये त्याला सगळे धाकटाच म्हणत, कारण थोरला अजून धडधाकट होता. त्या थोरल्यानं, दादानं, त्याला हातात पाना धरायला शिकवलं होतं. आता दादा पंच्याहत्तरीला टेकला होता आणि गॅरेज धाकट्याच्या हाती होतं. दादाकडे उरली होती ती त्याची जुनी गाडी. रोज सकाळी खाणीकडच्या कच्च्या रस्त्यानं तिला नदीपर्यंत फिरवून आणलं की स्वारी दिवसभर खूश असे.

जुन्या गाड्यांचे हौशी मालक चकचकीत वस्तूंवर फार लवकर भाळतात. सहा महिन्यांपूर्वी असाच एकजण जाळीचा एअर फिल्टर घेऊन आला आणि हाच बसवा म्हणून हटून बसला. धाकट्याला उपदेशाची हुक्की आली. दादाची गाडी सर्व्हिसिंगला उभीच होती. तिचा फिल्टर उतरवून त्यानं खालचं तेलाचं भांडं उघडून दाखवलं. हवा आधी या तेलावर आपटते, धूळ तेलात अडकते, मग पुढे इंजिनात जाते. हा बघा गाळ. कागदी फिल्टरही चालतो, पण तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. तुमची जाळी मात्र बॉनेट उघडून मिरवण्यापुरती. असं तासभर प्रवचन झोडून झाल्यावर त्यानं गाळ ओतून दिला, भांडं रॉकेलनं लख्ख धुतलं, पुसलं आणि जागेवर बसवलं. नवं तेल घालायचं तेवढं राहून गेलं.

ते कळलं गेल्या आठवड्यात. गाडी निळा धूर ओकायला लागली, चढावर दम टाकायला लागली, म्हणून दादा ती घेऊन आला. खुर्चीत बसून स्वतःलाच बोल लावत होता. हात गेला माझा, कान गेले, इंजिन कण्हत असेल तरी मला ऐकू आलं नसेल, म्हणाला. तो गेल्यावर धाकट्यानं फिल्टर उघडला. भांडं कोरडं ठणठणीत, तळाला पिठासारखी धूळ. इंजिन खोललं तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडरवर ओरखडेच ओरखडे.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, काही सापडलं का म्हणून. बघतोय, असं धाकटा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही बघतोय. आधी इंजिन धड करू, मग सांगू, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. दुसऱ्यांना शहाणपण शिकवताना केलेली चूक कुठल्या तोंडानं सांगायची? आठ दिवस त्याला घास गोड लागला नाही.

नवव्या दिवशी दादा चालत आला. खुर्चीत टेकण्याआधीच धाकट्यानं ते भांडं त्याच्यापुढे धरलं.

"दादा, गाडी तुझ्यामुळे बिघडली नाही. मी तेल घालायला विसरलो."

दादानं भांड्यात बोट फिरवलं. बोटाला लागलेली धूळ त्यानं उजेडात धरली.

"कधी कळलं तुला?"

"गाडी आणलीस त्याच दिवशी."

"विसरलास, त्याचं काही नाही रे. विसरतो माणूस," दादा म्हणाला. "पण मी आज सकाळी लायसन्स परत करून आलो. या वयात ते पुन्हा कोण देणार?"

माफी मागावी तर ती कशाची, हे धाकट्याला उमगेना. दादानं भांडं पुसून बाकावर ठेवलं, तेलाचा डबा मागितला आणि धार धरली. आत कोरलेल्या रेघेशी तेल येताच ती थांबवली, एक थेंब जास्त नाही की कमी नाही. हात जरासुद्धा थरथरला नव्हता, आणि धाकट्याला नेमकं तेच बघवेना.