सदतिसावा फोटो

थापाडीच्या सहीशिवाय शहरातल्या चारशे इमारतींमध्ये लिफ्ट हलत नसे. ती लिफ्ट-तपासनीस होती. तारेच्या दोरावर हात फिरवून ती “ठीक आहे” म्हणाली, की अनोळखी माणसं डोळे मिटून बाराव्या मजल्यावर जात. घरात मात्र तिने “बाहेर ऊन आहे” म्हटलं, तरी कुणीतरी उठून खिडकी उघडून बघून येई.

याला कारण होतं. पाचव्या वर्षी तिने शेजारच्या काकूंनी अंडं घातल्याची बातमी आणली होती, आणि ती काकूंपर्यंत पोचली होती. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. आता ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि आई तिला पाहुण्यांसमोरसुद्धा थापाडी म्हणायची.

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात फोटो काढायचे. घरात अकरा अल्बम होते. त्यांत आई होती, दादा होता, थापाडी होती, शेजाऱ्यांची सायकल होती, कुणाची तरी बकरी सात वेळा होती. बाबा नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. तो ते कुणाला देत नसत. देवाने मागितला असता, तरी “आधी हात धुऊन या” म्हणाले असते.

थापाडी आठ वर्षांची असताना बाबा गेले आणि मग लक्षात आलं, की या माणसाचा फोटोच नाही. छापखान्याच्या ओळखपत्रावर पोस्टाच्या तिकिटाएवढा एक होता. दादाने पुढे कमावता झाल्यावर तो मोठा करून घेतला, आणि त्या गडबडीत मूळ ओळखपत्र हरवलं. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायचा असतो हे सगळे सांगतात. किती, ते कुणी सांगत नाही. दादाने तो दाराएवढा केला आणि रस्त्याकडच्या खिडकीसमोर लावला. जवळून पाहिलं तर मुंग्यांची सभा, रस्त्यापलीकडून पाहिलं तर बाबा. आई कित्येक वर्षं संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची आणि बघून परत यायची. लोकांना वाटे, बाई फिरायला जातात.

मग आईची लांबची नजर अधू झाली. एक दिवस भाजी निवडता निवडता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मला आता ह्यांचा चेहरा आठवत नाही गं. ठिपकेच आठवतात.”

तेव्हा थापाडीने तेहेतीस वर्षं ऐकवलेली गोष्ट पुन्हा काढली.

“बाबांचा एक फोटो आहे. मी काढलेला. जुन्या घरातल्या भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या दारावर, आतून चिकटवलेला.”

“झालं सुरू,” दादा म्हणाला. दादा शाळेत भूमिती शिकवायचा. सिद्धतेशिवाय तो स्वतःच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नसे. “बाबांनी तुला कॅमेरा दिला. सहा वर्षांच्या पोरीला.”

“शेवटचा फोटो होता. सदतिसावा.”

“रीळ छत्तीसचं असतं.”

“कधी कधी एक जास्तीचा निघायचा. बाबा म्हणायचे, तो आपला नाही, नशिबाचा. म्हणून मला दिला.”

“हो, आणि काकूंनी अंडं घातलं.”

यापुढे वाद कधीच जात नसे. पण या वेळी आईने भाजी खाली ठेवली होती आणि ती थापाडीकडे बघत होती. ज्याचं सगळं पटत नाही अशा माणसाकडे आपण नाइलाजाने रस्ता विचारताना बघतो, तशी.

जुनं घर बाबा गेले त्याच वर्षी सुटलं होतं, आणि ते वरचं दार तेव्हा थापाडीच्या हाताला येत नव्हतं. तिने त्या घराचा शोध घेतला. तिथे एकोणीस वर्षांपासून दातांचा दवाखाना होता. तिने फोन केला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “कपाट आहे की. पण सोमवारी सुतार येतोय. जुनं सगळं फोडून स्टीलचं बसवायचंय.” तो दिवस शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी दादानेच गाडी काढली. “माझ्यासमोर कपाट उघडलं जाऊ दे,” तो म्हणाला, “म्हणजे हा विषय कायमचा मिटेल.” वाटेत तो नेहमीपेक्षा हळू चालवत होता, आणि डावा गाल दाबून धरत होता.

गल्ली लहान झाली होती. म्हणजे गल्ली तेवढीच होती, पण दोघांनी ती आठवणीत रुंद करून ठेवली होती. दारापुढच्या तीन पायऱ्या तशाच होत्या, मधली अजून एका बाजूला झुकलेली. थापाडीचा पाय न विचारताच तिच्या उजव्या टोकावर पडला, आणि दादाचाही. बैठकीच्या खोलीत आता सहा खुर्च्या आणि सहा सुजलेले गाल होते. आईचं स्वयंपाकघर क्ष-किरणांची खोली झालं होतं. दोघं भावंडं जिथे झोपायची, त्या खोलीत ती आडवी होणारी खुर्ची ठेवली होती. फरशी मात्र तीच, करड्या चौकोनांची, आणि भिंतीतलं कपाटही तेच. लोक आता त्यांच्या अंथरुणाच्या जागी पडून कण्हत होते.

“आत फक्त पेशंटला सोडतो,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

“मग मी पेशंट आहे.”

“काय होतंय?”

“आत गेल्यावर सांगते.”

डॉक्टर साठीच्या होत्या, बारीक, चष्मा कपाळावर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांचं व्यवस्थित भरत असावं, कारण त्या घाईत नव्हत्या. त्यांनी थापाडीला आडवं केलं, दिवा डोळ्यांवर ओढला आणि विचारलं, “कोणता दात?”

“कपाटाच्या बाजूचा.”

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. थापाडीने पडल्या पडल्या सगळं सांगितलं: सदतिसावा फोटो, ठिपके, फुटपाथवरची आई. आयुष्यात पहिल्यांदा तिची गोष्ट कुणी मध्ये न तोडता ऐकली. डॉक्टर उठल्या आणि त्यांनी वरचं दार उघडलं. आतून हिरड्यांच्या रोगांचा रंगीत तक्ता डकवलेला होता.

“हा मीच लावला. खाली काहीतरी जुना कागद होता, तो निघेना, म्हणून त्याच्यावरच.”

“दारच काढून नेऊ का, डॉक्टर? सोमवारी तसंही फोडणार आहात.”

“आणि घरी काय करणार, बादलीत भिजवणार? पेशंट दगावेल.” त्यांनी कडेला नख लावून पाहिलं. “खळ आहे. मैद्याची. वाफ दिली तर सुटेल. पण मी पेशंटच्या वेळेत दुसरं काम करत नाही. मला रिकामा वेळ मिळतो तो फक्त इंजेक्शन दिल्यावर, औषध भिनेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं. आणि तुमचे दात तर चांगले आहेत, दुर्दैवाने.”

थापाडीने क्षणभर विचार केला. क्षणभरच.

“बाहेर माझा भाऊ बसलाय,” ती म्हणाली. “त्याची अक्कलदाढ दोन वर्षं ठणकतेय. भीतीने कुणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा.”

काउंटरवरच्या बाईंनी दादाला हाक मारली.

“मी नुसता सोबत आलोय,” दादा म्हणाला.

“सगळे सोबतच येतात,” बाई म्हणाल्या आणि त्याचा दंड धरून त्याला आत आणून बसवलं.

डॉक्टरांनी त्याच्या तोंडात डोकावून “अरे वा” म्हटलं. डॉक्टरने अरे वा म्हणणं कधीच चांगलं नसतं. दादा थापाडीकडे ज्या नजरेने बघत होता, तीत भूमिती अजिबात नव्हती. सुई टोचून झाली. गालात कापसाचे दोन बोळे बसले.

“तोंड उघडं ठेवा. बोलायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दुखलं तर डावा हात वर करा.” मग त्या हातमोजे बदलून कपाटाकडे वळल्या.

थापाडीने असलं काम पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी औजारं उकळायच्या यंत्रातून वाफाळतं फडकं चिमट्याने काढलं आणि तक्त्यावर धरलं, सुजेवर शेक द्यावा तसं. हिरडी दातापासून अलग करायची चपटी पाती कोपऱ्यात सरकवली. दिवा कपाटावर वळवला. “थोडं टोचेल,” त्या दाराला म्हणाल्या, सवयीने. काउंटरवरच्या बाई नळी धरून पाणी शोषून घेत होत्या. हिरड्यांचे रोग एकेक करून गळून पडले.

खाली फोटो नव्हता. रेघांच्या वहीचा एक कागद होता. त्यावर शाळेचं वेळापत्रक लिहिलेलं होतं, मोठ्या, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत. सोमवार, मंगळवार, मंगळवार, गुरुवार. वर नाव दादाचं, इयत्ता पाचवी.

तेहेतीस वर्षं थापाडी स्वतःला सोडून कुणालाही पटवू शकली नव्हती, आणि आता तिचंही मत डळमळायला लागलं. कदाचित इथे फक्त वेळापत्रकच होतं. कदाचित आपण खरंच तशा आहोत.

खुर्चीतून दादाचा डावा हात वर गेला.

“दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

त्याने मान नाही म्हणून हलवली. हात खाली घेतला नाही. डॉक्टरांनी त्याच्या गालातून एक बोळा काढला. दादाचं अर्धं तोंड बधिर होतं. उरलेल्या अर्ध्याने तो छताकडे बघत म्हणाला, “खाली आहे.”

“काय खाली आहे?”

“फोटो. मी त्याच्यावर चिकटवलं. मला दहा वर्षांत एकदाही कॅमेरा दिला नव्हता. तुला दिला. मला बघवेना.”

“आणि मग मला खोटं पाडत राहिलास.”

“आधी मुद्दाम. मग सवयीने. मग बरीच वर्षं मलाही वाटायला लागलं, की तू थापा मारतेस. आज गल्लीत वळलो, तेव्हा आठवलं.”

“बाबा काही बोलले नाहीत?”

“नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढीचं सामान घ्यायला कपाटाशी गेले, दार उघडलं. बघितलं. खिशातून लाल पेन काढलं आणि मी मंगळवार दोनदा लिहिला होता, तो दुसरा खोडून बुधवार केला. मग मला जवळ घेतलं. एवढंच.”

लाल शाई तिथे होती, फिकट झालेली. मंगळवारवर एक सरळ रेघ आणि शेजारी बाबांचं ते बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. थापाडीला भावाच्या बधिर गालावर एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याला काही कळणार नाही, म्हणून तिने बेत रद्द केला.

“तीन मिनिटं उरलीत,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढचं नाजूक आहे. कुणी शिंकायचं नाही.”

वेळापत्रक अखंड सुटलं आणि टिपकागदावर गेलं. त्याच्या खालून आधी एक पांढरा कोपरा आला. मग उजेडाने खाल्लेली एक कड. मग एक खांदा. डॉक्टरांचा हात इतक्या सावकाश चालत होता, की बाहेरच्या सहा सुजलेल्या गालांपैकी दोन दारात येऊन उभे राहिले. मग हनुवटी दिसली, साबणाच्या फेसात बुडालेली. आणि मग सगळा माणूस दाराच्या लाकडापासून वेगळा होऊन पातीवर आडवा झाला, आणि डॉक्टरांनी त्याला हवेच्या नळीने हलकेच फुंकर घातली.

बाबा. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल गुळगुळीत. डोळे बारीक झालेले, वरचे सगळे दात दिसतील असं हसू. एक हात कानाला.

“वरचा डावा सुळा वाकडा होता,” डॉक्टर म्हणाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. “छान होता पण.”

दारातल्या दोन गालांनी टाळ्या वाजवल्या. दादाची अक्कलदाढ त्यानंतर निघाली, चार मिनिटांत, कुणाचंही लक्ष नसताना.

आई घरी दारातच उभी होती. थापाडीने टिपकागद उलगडला. आईने फोटो घेतला आणि नाकापासून चार बोटांवर धरला. जवळचं तिला अजून लख्ख दिसायचं. ती भुवयांवरून गेली, नाकावरून गेली, फेसावर थांबली.

“डावीकडून सुरू करायचे,” ती म्हणाली. “सगळं जग उजवीकडून करतं. उलटा माणूस. हा बनियन मी टाकून द्या म्हणाले होते. मला म्हणाले, टाकला.”

दादाने मधे तोंड घालायचा प्रयत्न केला. ओठ अजून जड होता. “स्कॅन करतो मी. चांगल्या प्रती काढू, सगळ्यांना देऊ.”

“कर. पण तो माझ्या हातात असतानाच कर.” तिने फोटो जरा तिरका केला. “हे कान का धरून बसलेत?”

“मी कॅमेरा डोळ्याला लावला,” थापाडी म्हणाली. “ते फोटोसाठी उभं राहतात तसे ताठ उभे होते. मी म्हटलं, बाबा, तुमचा कान पडला. त्यांनी चटकन हात लावून बघितला आणि हसले. तेवढ्यात मी दाबलं.”

आईने सवयीने दादाकडे पाहिलं, खरं का म्हणून. दादाने हातातल्या चिमुकल्या डबीतली अक्कलदाढ खिशात टाकली आणि मान डोलावली.

“खरं आहे,” तो म्हणाला. “मी दाराआडून बघत होतो.”

आई फोटो घेऊन खिडकीतल्या खुर्चीवर बसली आणि शेजारची खुर्ची तिने पायाने पुढे सरकवली.

“बस,” ती थापाडीला म्हणाली. “अजून काय काय बघितलंयस, ते सांग. पहिल्यापासून. तू रे, वही आण.”

दादा वही आणायला आत गेला. थापाडीने पाय वर घेऊन मांडी घातली, घसा साफ केला, आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी राहिला.