ओरखड्यातली पुतळी

बसा. मी बोलणार आहे, आणि माझं होईपर्यंत कोणी रिमोटला हात लावायचा नाही.

मी सिनेमाची सीडी. आमच्यात दहा वर्षं जगली ती पणतवंडं बघितलेली म्हातारी समजायची. शाळेत गेले नाही. जव्हारच्या बाजारात लियाकतच्या व्हिडिओ लायब्ररीत फळीवर बसून जे कानावर पडलं त्यावर शिकले. माणूस वाचायला तेवढं पुरतं, फार अक्षरं लागत नाहीत.

जन्म कारखान्यातला. एका साच्यातून एका दिवसात आम्ही हजार जणी बाहेर पडलो. अंगावर जो सिनेमा ठोकला त्याचं नाव सांगत नाही, मला अब्रू आहे. त्यात एक चेटकीण आहे. पळताना तिचा केसांचा टोप वाकडा होतो आणि नायक घाबरायचं सोडून टोपाकडेच बघत राहतो. थिएटरात हे चित्र पहिल्याच आठवड्यात झोपलं. मग दहा वर्षांनी मुंबईतल्या शिकलेल्या लोकांना साक्षात्कार झाला, की वाईटपणात याचा हात धरणारा दुसरा नाही, म्हणून हे थोर. त्याला ते कल्ट म्हणतात. जिवंतपणी पाणी विचारायचं नाही आणि मेल्यावर पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून रडायचं, त्यातली ही गत.

पण त्या चित्रात एक गोष्ट खरी आहे. एक्याण्णवच्या थंडीत सिनेमावाले जव्हारजवळच्या धबधब्यावर आले. त्यांना 'जंगली लोक' हवे होते. वांगणीहून ट्रक भरून माणसं नेली, अंगाला काळा रंग फासला, जणू देवानं दिलेला कमी पडला, आणि तारपा नाच करायला सांगितलं. एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपेवाल्याभोवती गोल फिरणारी ती लांब रांग. त्यात सुकी होती. रांगेच्या अगदी शेपटाला, आईचं बघून पाय टाकणारी, तिची सात वर्षांची पोर होती, पुतळी.

पुढचा पावसाळा पुतळीला निघाला नाही. त्या वर्षी कुपोषणानं पोरं गेली म्हणून वावर-वांगणीची नावं पेपरात आली, मोठमोठ्या गाड्या चिखलात रुतल्या, साहेब लोकांनी रुमाल काढले. आकडा छापून आला. आकड्यात पुतळी होती, पण तिचं नाव कुठे नव्हतं. फोटो तर कोणाकडेच नव्हता. वांगणीत पोरांचे फोटो काढायला कोण गेलं होतं?

आता तुम्हाला कळलं असेल माझ्या अंगावर काय कोरलंय ते.

लियाकतकडे या सिनेमाच्या दोन सीड्या होत्या. एक भाड्यानं द्यायची आणि दुसरी मी, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. सुकी तेव्हा जव्हारला आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली होती. एकदा बाजाराला आली तेव्हा दुकानातल्या टीव्हीवर तीच रांग फिरत होती. सुकीला सुकी दिसली. ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली. शेपूट आता येणार, तेवढ्यात लाइट गेली. जव्हारची लाइट, तिला कोणाच्या पोरीचं काय. सुकी तासभर थांबली, मग पोरांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून गेली. पुढच्या बाजाराला आली तोवर भाड्याची सीडी कोणीतरी गरम चहाच्या ग्लासावर झाकण म्हणून ठेवून वाकडी करून आणली होती. माझ्या सख्ख्या बहिणीचा असा शेवट झाला. उरले मी, आणि मलाही त्याच आठवड्यात हेमंत सर घेऊन गेले होते.

हेमंत सर म्हणजे सुकीच्याच आश्रमशाळेतले मास्तर. त्यांना पडेल भुताटकीच्या सिनेमांच्या सीड्या जमवायचा नाद. बघायचा नव्हे, जमवायचा. बायकोच्या लग्नातला शालू पत्र्याच्या पेटीत आणि आम्ही लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांसकट. प्रत्येकीचं नाव वहीत, पुढे शेरा: 'सील अभंग'. माझ्या नावापुढे तर दोनदा अधोरेखित. सहा वर्षं मी त्या कपाटात होते. लियाकतच्या फळीवर निदान माणसांचा वास यायचा.

सुकीनं पहिल्याच वर्षी विचारलं. सर म्हणाले, "सुकीबाई, सील फोडलं की संपलं. मग ती नुसती सीडी उरते."

"मग आता काय हाय ती?" सुकीनं विचारलं.

सरांनी कपाटाला कुलूप घातलं. पण माणूस अगदीच दगड नव्हता. पाचेक वर्षांनी फोनात सिनेमे मावायला लागले, तेव्हा मोबाइलच्या दुकानातून त्यांनी तोच सिनेमा स्वतःच्या फोनात भरून आणला आणि भर व्हरांड्यात सुकीला दाखवला. नायक धबधब्यापाशी आला आणि पुढच्याच क्षणी चेटकीण किंचाळली. नाच गायब. एका कार्डात चार सिनेमे कोंबायचे म्हणून दुकानवाल्यानं गाणी-नाच छाटून टाकले होते. सर म्हणाले की तेवढंच गेलंय, गोष्टीला काही बाध येत नाही. सुकीनं फोन त्यांच्या हातात परत दिला, पदरानं पुसून.

पहिल्या खेपेनंतर ती दर वर्षी एकदाच विचारायची, दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन यायची तेव्हा. रडली नाही, पाया पडली नाही. शेवटच्या वेळी इतकंच म्हणाली, "सर, नागली कणगीत ठेवतात, पण पेरायला काढतात नं."

आणि मग दोन हजार आठचा दसरा आला.

दसऱ्याला ज्यावर पोट चालतं त्याची पूजा. सरांच्या बायकोनं, नीताबाईंनी, शिलाई मशीन पुजलं, विळी पुजली, स्कूटरला झेंडूची माळ घातली, सरांचा लाल पेन पुजला. सर अंघोळीला गेले होते. कपाट उघडं होतं. 'यांचं खरं शस्त्र तर हे,' असं स्वतःशी पुटपुटत बाईंनी सगळ्यांत मानाची म्हणून मला काढलं. आता प्लॅस्टिकवर कुंकू टिकेना. बाईंनी नखानं सील फाडलं, डबी उघडली, आणि चकाकती बाजू तीच तोंडाची बाजू असं समजून ओल्या हळदकुंकवाची दोन बोटं माझ्या बरोबर मध्यावर उमटवली. वर अक्षता टाकल्या.

सहा वर्षांत मला कोणी पहिल्यांदा सवाष्णीसारखं वागवलं.

सर टॉवेलवर बाहेर आले आणि त्यांनी जो आवाज काढला तो चेटकिणीलाही जमला नव्हता. मला उचललं आणि त्याच टॉवेलनं खसाखसा, गोल गोल पुसलं. सीडी पुसावी मधून काठाकडे, हलक्या हातानं. हे सर लियाकतच्या दुकानात दहा जणांना शिकवायचे. अक्षतेचा एक कण टॉवेलात राहिला होता. तो माझ्या अंगावरून करकरत गेला. सर मला उजेडाकडे धरून ओरखडा बघू लागले.

दारात सुकी उभी होती, हातात आपट्याची पानं.

नीताबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "अहो, आता काय राहिलंय जपायला? लावा."

प्लेअरचा लाल डोळा माझ्यावर फिरला. माझ्यात काय आहे ते मीही तेव्हाच पाहिलं. नायक आला, तारपा वाजू लागला, रांग फिरू लागली. तारपेवाला, बाप्ये, बाया, सुकी. आणि शेपटाला पुतळी. एक पाऊल चुकली, हसली, वळली. चार सेकंदांचा कारभार. मी कोरी करकरीत असते तर ती आली तशी गेली असती.

पण तिथेच माझा ओरखडा होता. चित्र थरथरलं, अडकलं, मागे गेलं. पुतळी परत आली. पाऊल चुकली, हसली, वळली. परत आली.

सरांना ते बघवेना. "खराब झाली," असं म्हणत त्यांनी पुढे ढकलायला रिमोट उचलला.

"सर," सुकी म्हणाली, टीव्हीवरची नजर न काढता, "पुढं नका ढकलू. येतेय ती परत, येऊ द्या."

नीताबाईंनी सरांच्या हातातून रिमोट घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवला.

सील गेल्यावर सरांच्या वहीतलं माझं नाव खोडलं गेलं. सुकी मला वांगणीला घेऊन आली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवलंय. इथे प्लेअर नाही, लाइटही मनाला येईल तेव्हा. दसऱ्याला मात्र आम्ही दोघी एसटीनं जव्हारला सरांकडे जातो. लियाकतनं सीड्या काढून मोबाइलची कव्हरं मांडलीत. खोडाळ्याला माझ्या जातीतल्या कितीतरी जणी नागलीच्या शेतात दोऱ्याला लटकून पाखरं हाकतात. सरांच्या कपाटातल्या अजून सीलबंद आहेत. मला विचाराल तर त्यांच्यापेक्षा शेतातल्या सुखी. निदान ऊन लागतं.

सर प्लेअर भंगारात द्यायला निघाले होते. नीताबाई म्हणाल्या, आधी मला द्या भंगारात.

सगळं फोनात आलंय म्हणून मिरवता, ठीक आहे. छाटलेलं काय काय होतं, ते कोण सांगणार? आम्ही शंभर वर्षं टिकू हो, पण आम्हाला वाचणारं यंत्र तुम्ही दारावरच्या भंगारवाल्याला लसणाच्या बदल्यात देता. देण्याआधी घरात एकदा विचारा, कोणाचं कोणी आत राहिलंय का.

आणि कोणी हुशार माणूस मला पॉलिश करून नवी करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. तो ओरखडा तसाच राहू दे.